अंतराळ दुर्बिणींची निरीक्षणं: जागा आणि वेळ देऊन फायली सापडाव्यात अशी सूची कशी बांधायची?

मृगशीर्ष_२७ (प्रश्न)

नमस्कार. अ‍ॅस्ट्रोसॅट, स्विफ्ट आणि एक्सएमएम-न्यूटन यांच्या सार्वजनिक संग्रहांतून उतरवलेल्या फिट्स (खगोलशास्त्रातल्या डेटाची प्रमाण रचना) फायली एका डिस्कवर आहेत. जोडीला आययूई आणि आइन्स्टाइन या जुन्या वेधशाळांचाही थोडा डेटा आहे. सगळी मिळून सुमारे ४०,००० निरीक्षणं. प्रत्येक हेडरमधून विषुवांश, क्रांती (आकाशातले रेखांश-अक्षांश), सुरुवातीची तारीख आणि लक्ष्याचं नाव काढून एसक्यूलाइटच्या एका टेबलात भरलं आहे. दोन गोष्टी चटकन कळायला हव्यात: आकाशातला अमुक बिंदू कोणकोणत्या दुर्बिणीच्या क्षेत्रात आला, आणि अमुक क्षणी तिकडे कोणाचा रोख होता का.

सध्या विषुवांश आणि क्रांती दोन्हींत ०.२५ अंश अधिक-उणे असा चौकोन टाकून शोध चालतो. त्यात हे बिघडतं:

एम ८२ (क्रांती +६९.७°) साठी स्विफ्टची काही निरीक्षणं सुटतात, ती डिस्कवर असूनही. मार्केरियन ३३५ (विषुवांश १.५८°) भोवती अडीच अंशांत शोधलं तर ३५९ अंशांकडची बाजू येतच नाही. नावाने शोधावं तर "एम ८२", "एनजीसी ३०३४" आणि "एसएन २०१४जे" या तीन वेगळ्या नोंदी निघतात. आणि स्विफ्ट व अ‍ॅस्ट्रोसॅटच्या वेळा एकमेकींशी ताडल्या तर मिनिटभराहून जास्त फरक दिसतो.

संगणक साधा आहे, १६ जीबी रॅम. पायथन येतं. गरज असेल तर पोस्टग्रेस बसवायचीही तयारी आहे.

ध्रुवमत्स्य

आधी चौकोनाचं बघू. विषुवांशातला फरक आकाशावर मोजताना क्रांतीच्या कोज्येने (कोसाइनने) गुणावा लागतो. +६९.७° वर ही कोज्या ०.३५ आहे, म्हणजे तुमचे ०.२५ अंश तिथे जेमतेम ५.२ कला (६० कलांचा एक अंश, ६० विकलांची एक कला) भरतात. स्विफ्टच्या क्ष-किरण दुर्बिणीचं क्षेत्र २३.६ कलांचं आहे, म्हणजे ती मध्यापासून ११.८ कलांपर्यंत बघते. एम ८२ क्षेत्राच्या कडेला आलेली निरीक्षणं म्हणूनच तुमच्या चौकोनाबाहेर राहतात. ०/३६० अंशांची शिवण आणि ध्रुव हे त्याच दुखण्याचे आणखी दोन प्रकार. चौकोन रुंद करून हे बरं होत नाही.

यावर दोन उपाय आहेत. ४०,००० ही संख्या लहान आहे. प्रत्येक केंद्राचा एकक सदिश (क्ष, य, झ) करून नमपायमध्ये सगळ्यांशी बिंदू-गुणाकार घेतलात तर काही मिलिसेकंदांत उत्तर येतं. शिवण नाही, ध्रुव नाही, सूचीही नाही. "या बिंदूजवळ कोणाचं केंद्र आहे" एवढंच विचारायचं असेल तर इथेच थांबा.

मात्र तुमचा प्रश्न केंद्राचा नाही, क्षेत्राचा आहे. शिवाय उद्या लाखो ताऱ्यांची यादी घेऊन ती या निरीक्षणांशी जुळवायची झाली, तर दर ताऱ्यामागे ४०,००० गुणाकार परवडणार नाहीत. त्यासाठी हीलपिक्स. ही पद्धत गोलाला समान क्षेत्रफळाच्या १२ मूळ तुकड्यांत कापते आणि पुढच्या प्रत्येक पातळीवर एकाचे चार करते. पातळी ८ वर ७,८६,४३२ पिक्सेल होतात, प्रत्येकाची बाजू साधारण १३.७ कला. पातळी १० वर १,२५,८२,९१२ पिक्सेल, बाजू ३.४ कला.

कृती अशी:

१. निरीक्षणांच्या मुख्य टेबलाशेजारी दुसरं टेबल करा. त्यात दोनच रकाने: निरीक्षणाचा क्रमांक आणि पिक्सेलचा क्रमांक.

२. प्रत्येक निरीक्षणाचं क्षेत्र (वर्तुळ किंवा बहुभुज) ज्या ज्या पिक्सेलांना शिवतं त्या प्रत्येकासाठी एक ओळ भरा. हीलपायमध्ये (हीलपिक्सचं पायथन पॅकेज) वर्तुळाचं आणि बहुभुजाचं अशी दोन फंक्शनं आहेत. "नेस्ट" आणि "इनक्लुझिव्ह" हे दोन्ही पर्याय खरे ठेवा. इनक्लुझिव्ह विसरलात तर ज्या पिक्सेलाचा मध्य क्षेत्रात आहे तेवढेच मिळतात आणि कडेचे गळतात. ही चूक सहज लक्षात येत नाही, कारण बहुतेक शोध बरोबरच येतात.

३. पिक्सेलच्या रकान्यावर साधी बी-ट्री सूची.

४. शोधताना बिंदूचा पिक्सेल काढा, त्या क्रमांकाच्या ओळी उचला, आणि मग त्या मोजक्या उमेदवारांवर नेमकी भूमिती चालवा: बिंदू खरंच वर्तुळाच्या किंवा बहुभुजाच्या आत आहे का.

चौथ्या पायरीचा दुसरा अर्धा भाग गाळू नका. पिक्सेल जुळला म्हणजे क्षेत्रात आलाच असं नाही.

अ‍ॅस्ट्रोसॅटच्या यूव्हीआयटीचं (अतिनील दुर्बिणीचं) क्षेत्र २८ कला व्यासाचं आहे. पातळी ८ वर ते सरासरी आठ पिक्सेलांना शिवतं, पातळी १० वर सत्तरेक. सगळी निरीक्षणं याच आकाराची धरली तर ओळी ३ लाखांच्या किंवा २८ लाखांच्या घरात जातील. एसक्यूलाइटला दोन्ही झेपतं. मी पातळी ८ घेईन, कारण शेवटची गाळणी तसाही भूमितीच करणार आहे.

दोन सावधगिऱ्या. विषुवांश-क्रांती ६४ बिटांत ठेवा. ३२ बिटांत ३६० अंशांजवळच्या दोन लगतच्या संख्यांतच ०.११ विकलांचं अंतर पडतं. आणि दोन बिंदूंमधला लहान कोन व्यस्त कोज्येने काढू नका. ३२ बिटांत ही रीत एका कलेच्याही खाली विश्वासाची नाही, ६४ बिटांतही काही मिलिविकलांवर अडते. सदिशांमधली जीवा काढून तिच्यावरून कोन काढा, किंवा हॅवरसाइन वापरा.

कालमापक

वेळेचा घोळ हेडरमध्येच सुटतो, फक्त तीन-चार नोंदी एकत्र वाचाव्या लागतात. क्ष-किरण मोहिमांत वेळ "संदर्भक्षणापासूनचे सेकंद" अशी लिहितात आणि संदर्भक्षण प्रत्येक मोहिमेचा निराळा असतो. अ‍ॅस्ट्रोसॅटचा १ जानेवारी २०१० (एमजेडी, म्हणजे सुधारित ज्युलियन दिनांक, ५५१९७), स्विफ्टचा १ जानेवारी २००१ (५१९१०), एक्सएमएमचा १ जानेवारी १९९८ (५०८१४). तो "एमजेडीरेफआय" आणि "एमजेडीरेफएफ" या दोन नोंदींत पूर्णांक आणि अपूर्णांक असा बहुतेकदा तोडलेला असतो. स्विफ्टमध्ये अपूर्णांक ०.०००७४२८७ दिवस, म्हणजे ६४.१८४ सेकंद आहे. तो वगळला की मिनिटभराची चूक झालीच.

त्यानंतर "टाइमसिस" ही कालप्रणालीची नोंद बघा. स्विफ्ट आणि एक्सएमएम टीटी (पार्थिव काल) वापरतात, अ‍ॅस्ट्रोसॅट यूटीसी. २०१७ च्या सुरुवातीपासून टीटी यूटीसीच्या ६९.१८४ सेकंद पुढे आहे. त्याआधीच्या निरीक्षणांसाठी फरक कमी, आणि तो लीप सेकंदांप्रमाणे पायरीपायरीने बदलतो. म्हणून एक ठोक संख्या वजा करू नका. अ‍ॅस्ट्रोपायच्या टाइम वर्गाला संदर्भक्षण आणि कालप्रणाली सांगा, रूपांतर त्याच्याकडून करून घ्या. सूचीत सगळ्यांसाठी एकच प्रणाली ठेवा. मी टीटीमधली एमजेडी ठेवेन, ६४ बिटांत. तिथे अचूकता मायक्रोसेकंदाच्या आसपास मिळते आणि सूचीला ती पुरून उरते.

"टाइमरेफ" मध्ये सूर्यमालेचा उल्लेख असेल किंवा टाइमसिस टीडीबी असेल, तर ती फाइल सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याला दुरुस्त केलेली आहे. प्रकाशाला सूर्यापासून पृथ्वीपर्यंत यायला ४९९ सेकंद लागतात, त्यामुळे अशा फाइलीतली वेळ आठ मिनिटांपर्यंत पुढे-मागे असू शकते. सूचीसाठी मूळ, दुरुस्त न केलेली फाइल घ्या.

जुन्या फायलींत तारीख "दिवस/महिना/वर्षाचे दोन अंक" अशी सापडेल. १९९७ नंतरच्या रीतीत आधी चार अंकी वर्ष येतं. दोन्हींसाठी वेगळा वाचक लिहा आणि तिरपी रेघ दिसली की जुना लावा.

आता मुख्य मुद्दा. सुरुवात आणि शेवट यांच्यामध्ये दुर्बीण सतत बघत होती असं समजू नका. अ‍ॅस्ट्रोसॅट सुमारे ६५० किलोमीटर उंचीवर आहे, प्रदक्षिणेला साधारण ९८ मिनिटं लागतात, आणि बऱ्याचशा लक्ष्यांसमोर प्रत्येक फेरीत पृथ्वी आडवी येते. त्यात दक्षिण अटलांटिक विसंगतीच्या (जिथे भारित कणांचा मारा जास्त असतो त्या) पट्ट्यात उपकरणं बंद ठेवावी लागतात. दोन दिवस चाललेल्या निरीक्षणाचा खरा उघडा काळ म्हणूनच त्या दोन दिवसांहून बराच कमी भरतो. "अमुक क्षणी कोणी बघत होतं का" याचं खरं उत्तर फाइलीच्या जीटीआय (चांगल्या, वापरण्याजोग्या कालखंडांची यादी) भागात असतं. तिथल्या प्रत्येक चांगल्या कालखंडासाठी तिसऱ्या टेबलात एक ओळ भरा: निरीक्षण क्रमांक, आरंभ, अंत. आरंभावर सूची लावा. सगळ्यांत लांब कालखंड किती दिवसांचा आहे ते काढून ठेवा, आणि शोधताना आरंभ "क्षण उणे तेवढे दिवस" ते "क्षण" यांच्यात मागा. ही खालची मर्यादा नसेल तर बी-ट्री सुरुवातीपासूनच्या सगळ्या ओळी चाळत बसते. एक्सएमएमची कक्षा लांबोडकी असल्याने त्याचे कालखंड लांब निघतील. त्याची मर्यादा वेगळी ठेवली तर बाकीच्यांचा शोध जलद होतो.

मृगशीर्ष_२७

दोघांचेही आभार. पातळी ८ ने एम ८२ ची सगळी निरीक्षणं सापडली. पण सीझेडटीआयची (अ‍ॅस्ट्रोसॅटवरचं रुंद क्षेत्राचं क्ष-किरण उपकरण) नोंद करताना ओळी फुगतात, आणि उलट आययूईचं छिद्र जेमतेम १० गुणिले २० विकलांचं आहे. दोघांना एकच पातळी कशी चालेल?

ध्रुवमत्स्य

चालवायची गरज नाही. सीझेडटीआयचं क्षेत्र ४.६ अंश गुणिले ४.६ अंश आहे. पातळी ८ वर चारशेच्या वर ओळी, १० वर साडेसहा हजारांच्या वर. पातळी ६ वर (बाजू ५५ कला) चाळीसेक ओळींत भागतं. तेव्हा प्रत्येक उपकरणाला त्याच्या क्षेत्राच्या मानाने पातळी द्या: सीझेडटीआयला ६, यूव्हीआयटी, एक्सआरटी (स्विफ्टची क्ष-किरण दुर्बीण) आणि एपिकला (एक्सएमएमचे कॅमेरे) ८, आययूईला १२ (बाजू ५१.५ विकला).

वेगवेगळ्या पातळ्यांचे क्रमांक एकाच रकान्यात ठेवायचे तर त्यांची गल्लत व्हायला नको. त्यासाठी युनिक क्रमांकाची रीत आहे: ४ चा (पातळी अधिक १) वा घात अधिक पिक्सेल क्रमांक. यात पातळी आणि जागा दोन्ही एका पूर्णांकात बसतात. बिंदू शोधताना त्याचा पातळी १२ चा पिक्सेल काढा. त्याला ४ ने भागून पूर्णांक घेतला की पातळी ११ चा, पुन्हा भागला की १० चा. नेस्टेड क्रमांकात आई-लेकरांचं नातं इतकं सरळ असतं, रिंग क्रमांकात ते नसतं. म्हणूनच नेस्टेडचा आग्रह. मग पातळी ६, ८ आणि १२ चे तीन युनिक क्रमांक एकाच शोधात विचारा.

बिंदूऐवजी पसरट भाग शोधायचा असेल, उदाहरणार्थ गुरुत्वीय लहरींच्या उगमाचा संभाव्य पट्टा, तर पूर्वज आणि वंशज दोन्ही लागतात. तिथे प्रत्येक पिक्सेल पातळी २९ वरचा पल्ला म्हणून साठवा: क्रमांक गुणिले ४ चा (२९ उणे पातळी) वा घात ही सुरुवात, पुढच्या क्रमांकाचं तेच मूल्य हा शेवट. पातळी २९ चे सगळे क्रमांक ६४ बिटांत मावतात. हेच मॉक या आंतरराष्ट्रीय मानकाचं तत्त्व आहे. मॉकपाय हे त्याचं पायथन पॅकेज वापरलंत तर दोन दुर्बिणींच्या क्षेत्रांचा छेद किंवा बेरीज एका ओळीत मिळते. स्ट्रासबुर्गच्या सीडीएस केंद्राने मोठमोठ्या सर्वेक्षणांचे मॉक तयार करून ठेवले आहेत, तेही थेट जोडता येतात.

क्षेत्राचा आकार भरताना तीन ठिकाणी लक्ष द्या. एक, "आरए_ओबीजे" ही निरीक्षकाने मागितलेल्या लक्ष्याची जागा, "आरए_पीएनटी" ही दुर्बिणीच्या रोखाची. सूचीत दुसरी हवी. दोन, चित्राच्या डब्ल्यूसीएसमधून (चित्रातली जागा आकाशातल्या जागेशी जोडणाऱ्या नोंदी) मिळणारे चार कोपरे म्हणजे क्षेत्र नव्हे. यूव्हीआयटीचं गोल क्षेत्र चौकोनी चित्रात ठेवलेलं असतं आणि कोपरे रिकामे असतात, तेव्हा तिथे वर्तुळच द्या. तीन, हीलपायचं बहुभुज फंक्शन फक्त बहिर्वक्र बहुभुज घेतं. आत वळलेला आकार असेल तर तुकडे करा किंवा मॉकपायकडे द्या.

आणि आययूई, आइन्स्टाइनच्या हेडरमध्ये "इक्विनॉक्स" १९५० आहे का ते आधी तपासा. असेल तर आयसीआरएस या आजच्या निर्देशांक प्रणालीत बदलल्याशिवाय पिक्सेल काढू नका. परांचन चलन (पृथ्वीचा अक्ष डोलल्याने निर्देशांकांचं सरकणं) वर्षाला सुमारे ५०.३ विकला, म्हणजे पन्नास वर्षांत साधारण ४२ कला. यूव्हीआयटीचं अख्खं क्षेत्र २८ कलांचं, त्यामुळे चूक झाली तर भलताच शेजार मिळतो.

कालमापक

सीझेडटीआयबद्दल एक भर. १०० केईव्हीच्या वर त्याच्या क्षेत्रमर्यादेच्या भिंती पारदर्शक होत जातात आणि तो रोखाबाहेरचे गॅमा-किरण स्फोटही टिपतो. त्यामुळे स्फोट शोधायचा असेल तर जागेची गाळणी लावूच नका, फक्त जीटीआयच्या टेबलात बघा. त्या क्षणी स्फोट पृथ्वीआड होता का एवढं नंतर तपासावं लागेल.

नोंदवही

तुमच्या नावांच्या प्रश्नाकडे कोणी वळलं नाही म्हणून लिहिते. नाव हा शोधाचा आधार ठेवू नका. ते निरीक्षकाने अर्ज भरताना लिहिलेलं असतं. शोधणाऱ्याने नाव दिलं तर ते सीडीएसच्या सिम्बाद या नावांच्या कोशाकडून जागेत बदलून घ्या आणि जागेने शोधा. हेडरमधलं नाव जसंच्या तसं एका रकान्यात राहू द्या.

निरीक्षण क्रमांक मात्र मजकूर म्हणूनच साठवा. एक्सएमएमचा दहा अंकी क्रमांक आणि स्विफ्टचा अकरा अंकी क्रमांक बहुतेक वेळा शून्याने सुरू होतात. पांडाज किंवा स्प्रेडशीट त्यांना संख्या समजून सुरुवातीची शून्यं खाऊन टाकते आणि मग संग्रहाचा दुवा जुळत नाही.

एका क्रमांकाला एकच ओळ, असंही करू नका. स्विफ्टच्या एका निरीक्षणात एक्सआरटीचं क्षेत्र २३.६ कला आणि यूव्हीओटीचं (अतिनील-दृश्य दुर्बिणीचं) १७ कला. अ‍ॅस्ट्रोसॅटच्या एका निरीक्षणात चार उपकरणं एकाच दिशेला असली तरी चारांची क्षेत्रं आणि जीटीआय निराळे. ओळ प्रत्येक उपकरणाची, यूव्हीआयटीसाठी तर प्रत्येक वाहिनीची आणि फिल्टरची. त्याची निकट-अतिनील वाहिनी २०१८ मध्ये बंद पडली. निरीक्षणागणिक एकच ओळ ठेवली तर त्यानंतरच्या नोंदी नसलेला डेटा असल्याचं सांगतील.

अ‍ॅस्ट्रोसॅटचा पहिल्या पातळीचा डेटा प्रदक्षिणांप्रमाणे तुकड्यांत येतो आणि लगतच्या तुकड्यांत काही काळ दोनदा सापडतो. कालखंड नुसते जोडत गेलात तर उघडा काळ फुगलेला दिसेल. आधी आरंभाप्रमाणे लावा, एकमेकांवर चढलेले खंड एक करा, मग भरा.

रकान्यांना स्वतःची नावं देण्यापेक्षा ऑब्सकोर या मानकातली घ्या: संग्रह, निरीक्षण क्रमांक, उपकरण, केंद्राचे दोन निर्देशांक, क्षेत्राचा आकार, आरंभ-अंत एमजेडीत, उघडा काळ सेकंदांत, तरंगलांबीची खालची-वरची मर्यादा, संस्करणाची पातळी (० ते ४), फाइलीचा दुवा. मोठे संग्रह टॅप या टेबलं दुरून शोधायच्या सेवेतून हेच रकाने देतात, त्यामुळे तुमचा शोध थोड्या फरकाने तिकडेही चालतो. तरंगलांबी मीटरमध्ये द्यायची असते. क्ष-किरणांत इथे हमखास उलटापालट होते: एसएक्सटीची (अ‍ॅस्ट्रोसॅटची मृदू क्ष-किरण दुर्बीण) ०.३ ते ८ केईव्ही म्हणजे १.५५ ते ४१.३ अँगस्ट्रॉम, आणि खालची मर्यादा येते ती ८ केईव्हीवरून.

फाइलीच्या दुव्यासोबत त्यातल्या प्रत्येक भागाची जागाही नोंदवा. फिट्स फाइल २,८८० बाइटांच्या ठोकळ्यांची असते. अ‍ॅस्ट्रोपायच्या फाइलइन्फोमधून हेडर कुठे सुरू होतं, डेटा कुठे सुरू होतो आणि किती बाइटांचा आहे हे तिन्ही आकडे मिळतात. ते सूचीत असले की फाइल पूर्ण न उघडता हवा तो भाग उचलता येतो, दूरच्या सर्व्हरवरूनही. जीझिप केलेल्या फाइलीत मात्र मधल्या बाइटावर थेट उडी मारता येत नाही, सुरुवातीपासून उलगडावं लागतं. चित्रं तुम्हीच दाबून ठेवणार असाल तर एफपॅक वापरा, त्यात हेडर उघडं राहतं.

शेवटी फाइलीचा चेकसम आणि संस्करणाच्या प्रणालीची आवृत्ती हे दोन रकाने जोडा. संग्रह तोच क्रमांक ठेवून डेटा नव्याने संस्कारित करून देतात. चेकसम बदललेला दिसला की त्या निरीक्षणाच्या तिन्ही टेबलांतल्या ओळी एकाच व्यवहारात पुसून नव्याने भरा. मधेच वीज गेली तर अर्धवट सूची उरायला नको.

मृगशीर्ष_२७

टेबलं वेगळी केली. आता गाइआ या अंतराळ दुर्बिणीने केलेली ताऱ्यांची यादी यांच्याशी जोडायची आहे. १८० कोटींहून जास्त उगमांचे पिक्सेल पुन्हा काढावे लागतील का? आणि सूची बरोबर बनली आहे हे कसं तपासायचं?

ध्रुवमत्स्य

तपासणी आधी करा. गोलावर समान विखुरलेले दहा हजार बिंदू घ्या (क्रांती थेट यादृच्छिक घेऊ नका, तिची ज्या (साइन) यादृच्छिक घ्या, नाहीतर ध्रुवांवर गर्दी होते). त्यांत दोन्ही ध्रुवांजवळचे, ०/३६० शिवणीवरचे आणि प्रत्येक क्षेत्राच्या कडेच्या विकलाभर आत-बाहेरचे बिंदू मुद्दाम मिसळा. प्रत्येकासाठी सूचीचं उत्तर आणि सगळ्या क्षेत्रांवर सरळ भूमिती चालवून आलेलं उत्तर ताडा. सूचीत काही कमी आलं तर इनक्लुझिव्ह किंवा नेस्टेड-रिंगची गल्लत आहे. जास्त आलं तर भूमितीची शेवटची गाळणी चाललेली नाही.

गाइआसाठी पिक्सेल पुन्हा काढावे लागत नाहीत, ते उगमाच्या क्रमांकातच आहेत. त्या क्रमांकाला ३४,३५,९७,३८,३६८ ने भागून पूर्णांक घेतला की पातळी १२ चा नेस्टेड पिक्सेल मिळतो. पातळी ८ साठी तो आणखी २५६ ने भागा, पातळी ६ साठी ४,०९६ ने. युनिक क्रमांक करून थेट तुमच्या टेबलाशी जोडा. उमेदवार कमी झाले की त्यांच्यावरच भूमिती चालवा, आणि तेव्हा ताऱ्याची जागा त्याच्या निजगतीने निरीक्षणाच्या वर्षापर्यंत सरकवून घ्या. बर्नार्डचा तारा वर्षाला १०.४ विकला सरकतो, आययूईच्या छिद्रापुढे हे खूपच झालं. क्रमांकातला पिक्सेल हा क्रमांक दिला त्या वेळच्या जागेवरून ठरलेला असतो, म्हणून पिक्सेलच्या सीमेलगतच्या आणि वेगाने सरकणाऱ्या ताऱ्यांसाठी शेजारचे आठही पिक्सेल शोधात घ्या.